कुणी न आलेल्या खोलीचं टिपण

जाळीतला चमचा आपण होऊन घसरला आणि बेसिनमध्ये टण्णकन पडला. घर इतकं गप्प होतं, की तो आवाज चमच्याचा न वाटता पातेल्याचा वाटला. टेबलाशी बसल्या जागी तिने श्वास रोखला. आतल्या खोलीत, उशांच्या तटबंदीत झोपलेल्या गोटूने एक डोळा किलकिला केला, ओठ चोखले, आणि फार मोठी मेहेरबानी केल्यासारखा तो पुन्हा मिटला. वय आठ महिने, पण तोरा एखाद्या साहेबाचा. त्याची सकाळची झोप पावणेदोन तासांची. त्यातला पाऊण तास भांडी, कपडे आणि केर यांनी खाल्ला होता. उरला तो एक तास तिचा. बारा वाजता थोरलीला बालवाडीतून आणायचं. तोवर तिला नऊ माणसांचं बोलणं धुऊन, पिळून, वाळत घालायचं होतं.

हे काम गळ्यात पडलं ते तिच्याच तोंडामुळे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी ठिकठिकाणची तीसेक माणसं पडद्यावर जमायची. प्रत्येकजण आपापल्या जागी कसला ना कसला गट चालवणारा. कुणी वाचकांचा, कुणी वॉर्डातल्या नर्सांचा, कुणी मोडक्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांचा. ती स्वतः इमारतीतल्या सहा आयांच्या गटातली. एकमेकींची पोरं पाळीपाळीने सांभाळायची, इतकाच त्यांचा उद्योग. सगळ्यांना एकच कोडं पडलेलं: वर कुणी साहेब नसताना चार माणसांनी एकत्र बसून काम कसं करावं. या सभेला अध्यक्ष नाही, म्हणून कुणीतरी गमतीने तिला ‘बिनखुर्ची’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

सभेची रीत सोपी होती. सुरुवातीला एक कोरं पान उघडायचं. ज्याला जे बोलायचं असेल त्याने तो विषय त्यावर लिहायचा. त्या विषयाची एक खोली पडद्यावर उघडायची आणि ज्याला जिथे करमेल तिथे त्याने जायचं. करमेनासं झालं की उठायचं, दुसरी खोली गाठायची. उठणाऱ्याने माफी मागायची नाही, बसणाऱ्याने रुसायचं नाही. विषय मांडणाऱ्याने मात्र, कुणी येवो न येवो, शेवटपर्यंत आपल्या खोलीत बसायचं.

प्रत्येक खोलीतलं बोलणं सगळ्यांच्या संमतीने टिपलं जायचं, आणि यंत्र त्याचा कच्चा मजकूर करून गटाच्या पानावर टाकायचं. तो मजकूर म्हणजे कुत्र्याने चावलेली वही. एकदा ती सहज बोलून गेली, की हे वाचवत नाही हो. बिनखुर्चीत अशा बोलण्याला एकच उत्तर असतं: मग तुम्हीच करा. थोरल्या भिंगरीच्या जन्माआधी पाच वर्षं ती छापखान्यात प्रुफं तपासायची. हात शिवशिवतच होते. तिने पहिलं टिपण सुधारून टाकलं तेव्हा चौऱ्याऐंशी पानांची चौदा झाली होती. त्या दिवसापासून तिचं नाव कात्री पडलं.

आणि तिला ते काम आवडायचं, अगदी चोरून खाल्ल्यासारखं आवडायचं. दिवसभर ‘हात धू’, ‘आ कर’, ‘चप्पल तोंडात घालू नकोस’ एवढ्या भांडवलावर संसार करणाऱ्या बाईला मोठ्या माणसांची लांबलचक, फाटे फुटलेली वाक्यं विंचरायला मिळणं म्हणजे माहेरपणच. तिच्याकडून टिपण बिनखुर्चीच्या पानावर जायचं. दोन दिवस ज्याला त्याला आपलं बोलणं दुरुस्त करायची मुभा असायची, आणि मग ते बाहेरच्या वीसेक गटांना वाटलं जायचं. कुठल्या तरी रुग्णालयातल्या नर्सा ते वाचून आपली पाळी ठरवतात, हे तिला कळलं तेव्हा तिने नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, “म्हणजे मी माणसांना दिसायला लावतो आणि तू ऐकायला.” एरवी त्याच्या विनोदांवर ती हसत नसे. त्या दिवशी हसली.

पण या वेळचं टिपण अडून बसलं होतं.

गेल्या शनिवारी मुख्याध्यापिकाबाईंनी विषय मांडला होता: ‘ही हिंडाफिरी बंद करावी काय?’ बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांचं म्हणणं असं, की माणसं या खोलीतून त्या खोलीत उडतात आणि कुठलंच काम तडीस जात नाही. नुसतं चर्चेचं गुऱ्हाळ, रस कुणाच्याच पेल्यात नाही. यापुढे एकच खोली असावी, विषय आधी ठरावेत, आणि येणाऱ्याने दोन तास जागेवर बसावं. जमत नसेल त्याने येऊ नये. नऊजण त्या खोलीत बोलले होते. निर्णय पुढच्या सभेत व्हायचा होता, आणि तो सगळ्यांनी तिचं टिपण वाचून करायचा होता.

दोन तास जागेवर. तिने मनाशी हिशेब मांडून पाहिला होता. दोन तासांत गोटू एकदा भुकेजतो, एकदा घाण करतो आणि एकदा कारण नसताना रडतो. भिंगरी साडेचार वर्षांची, तिला दर दहा मिनिटांनी जगाबद्दल काहीतरी सांगायचं असतं. बाईंचा ठराव मंजूर झाला तर बिनखुर्चीत तिला खुर्ची उरणार नव्हती. पंधरा दिवसांतून एकदा येणारी ती सकाळ गेली, तर मग राहिली चप्पल आणि तोंड.

आता कच्चा मजकूर समोर होता आणि कात्री तिच्याच हातात.

पहिली दहा मिनिटं तिने इमानाने सुधारली. अकराव्या मिनिटाला बाई म्हणाल्या होत्या: “उठणाऱ्याची मुभा सगळे सांगतात. बसणाऱ्याचं कुणी सांगत नाही. चाळीस वर्षं वर्गात बोलले, एक पोर उठून गेलं नाही. इथे मी तोंड उघडलं की पडद्यावरच्या चौकटी कमी होतात, आणि माझं काय चुकलं ते मला कळत नाही. हे बघा, आत्ता बोलतेय तर एक गेली.” मग कुणीतरी घसा खाकरून दुसरंच काहीतरी काढलं होतं.

तिने ती वाक्यं दोनदा वाचली. मग स्वतःशी म्हणाली, हे विषयाला सोडून आहे. पाल्हाळ. वाचणाऱ्याला चौकटीबिकटी काय कळणार? तिने पाचही वाक्यं निवडली आणि पुसली. पान एकदम सुटसुटीत दिसू लागलं. बाईंचा ठराव आता बाईंसारखाच दिसत होता, इस्त्री केलेला आणि कडक, आणि कडक माणसाला नाही म्हणणं सोपं जातं. हे तिला कळलं नाही असं नाही. कळलं, पण तिने ते वळचणीला टाकलं आणि पुढे गेली.

एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. वॉर्डातल्या सिस्टरचा निरोप होता: “कात्री, अगं, झाली का शू?”

तिला वाटलं, सिस्टरने दुसऱ्या कुणाला लिहिलेलं चुकून इकडे आलं असेल. तोवर दुसरा निरोप आला, वाचकमंडळाच्या माणसाचा. आपण इतके महिने टिपणं वाचतोय, पण इतकं स्पष्ट बोलणं पहिल्यांदा वाचलं, असं त्यांनी फार आदबीने कळवलं होतं. तिसऱ्याने नुसतेच हात जोडलेले.

तिने गटाचं पान उघडलं. त्या शनिवारी पाच खोल्या होत्या. चौथी खोली घड्याळजी काकांची, विषय ‘सभा संपली हे कळतं कसं?’ काका दुरुस्तीमंडळ चालवायचे. रविवारी माणसं मोडके पंखे, बंद पडलेली घड्याळं घेऊन त्यांच्याकडे जमायची आणि काम संपलं तरी घरी जायची नाहीत, म्हणून हा विषय. तो त्यांनी लागोपाठ तिसऱ्यांदा मांडला होता आणि आधीच्या दोन्ही वेळा त्यांच्या खोलीत चिटपाखरू फिरकलं नव्हतं. अशा खोलीसाठी तिचं एक ठरीव वाक्य होतं: ‘कुणी आलं नाही.’ या वेळीही ती ते न ऐकताच लिहिणार होती. पण यंत्राच्या कच्च्या मजकुरावर हजेरी होती दोघांची. घड्याळजी आणि कात्री.

आपण तर त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. तिने खाली पाहिलं. मजकूर पानभर होता आणि मधोमध, ठळक अक्षरांत, तिच्या नावापुढे लिहिलेलं होतं: मला शू आली.

तिने कानात इअरफोन खुपसला आणि ती खोली ऐकायला घेतली.

आधी अकरा मिनिटं नुसती टिकटिक. एक नव्हे, पाचसहा घड्याळांची, एकमेकांशी न जुळणारी. मधे एकदा काकांचा खोकला. मग खुट्ट असा आवाज, आणि तिच्या लेकीचा आवाज, इतका जवळून की ती दचकली.

“तुम्ही कोण?”

“मी घड्याळं दुरुस्त करतो. आपण कोण?”

“मी भिंगरी. आई गोटूला धुतेय. त्याने घाण केली.”

“बरं.”

“तुम्ही एकटेच का बसलात?”

“सभा आहे. माणसं यायची आहेत.”

मग बराच वेळ घड्याळांची चौकशी चालली होती. सगळी वेगवेगळी का वाजतात, त्यांतलं खरं कुठलं, खोट्यांना रागवायचं का. काका एकेक घड्याळ पडद्यासमोर धरून दाखवत होते असं आवाजावरून कळत होतं. एका घड्याळाला त्यांनी आळशी म्हटलं तर भिंगरीने त्याची बाजू घेतली, की ते दमलं असेल. आणि मग ते वाक्य आलं.

“मला शू आली. मी जाऊन येते. तुम्ही इथेच बसा हं.”

“बसतो.”

सहा मिनिटं पुन्हा टिकटिक. लांबून, भिंतीपलीकडून, तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला: भिंगरे, चप्पल घाल, ओलं आहे तिथे. त्या आवाजात इतकी घाई होती की तिला अनोळखी वाटला. काका या सहा मिनिटांत काही बोलले नाहीत, उठले नाहीत. खुर्चीसुद्धा करकरली नाही. मग धावती पावलं.

“आले. तुम्ही गेला नाहीत?”

“तू बस म्हणालीस ना.”

“हो. मला वाटलं विसराल.”

काकांनी मग तिला आपला विषय विचारला, अगदी एखाद्या पाहुण्या वक्त्याला विचारावा तसा. सभा संपली हे कसं ओळखायचं? भिंगरीने जरा विचार केला. सगळ्यांचं विचारून झालं की संपली, असं ती म्हणाली. आणि कुणाचं राहिलं असेल तर? मग बसायचं, असं ती म्हणाली. एवढ्यात जवळ येणारी चप्पल, ‘कशाला हात लावलास’ आणि आवाज बंद. आता तिला आठवलं, त्या दिवशी परत येऊन तिने न बघता कुठलंसं बटण दाबलं होतं आणि बाईंच्या खोलीत येऊन बसली होती.

ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदराऐवजी गोटूचं लाळेरं तोंडावर दाबून, कारण आवाज झाला असता तर साहेब उठले असते. हसता हसता तिची नजर मजकुराच्या समासावर गेली. भिंगरी काकांच्या खोलीत आली ती वेळ. अकरा मिनिटं, वीस सेकंद.

तिने दुसरं पान उघडलं. बाईंचं पुसलेलं बोलणं परत आणलं. हे बघा, आत्ता बोलतेय तर एक गेली. अकरा मिनिटं, बावीस सेकंद.

लाळेरं तोंडावरून खाली आलं.

ती चौकट तिची होती. बाई बोलत असताना गोटूने घाण केली, आणि ती शब्द न बोलता उठली. मग भिंगरीच्या बोटाने ती चौकटच तिथून नेली. उठणाऱ्याने माफी मागायची नाही. ती कशाला मागेल? पण पोरगी शूला जाताना एका अनोळखी म्हाताऱ्याला सांगून गेली, आणि आई चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईच्या तोंडावरून उठून गेली. वर आज कात्री घेऊन तिचं तोंडही बंद करायला निघाली. तिला छापखान्यातले म्हातारे फोरमन आठवले. ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, की चूक दिसली तर खोडा, पण माणूस खोडू नका. तेव्हा ती मनात म्हणाली होती, काय पण उपदेश. नमनालाच घडाभर तेल.

गोटू उठला. त्याला कडेवर घेऊनच तिने बाईंना फोन लावला. घाई केली नसती तर लावलाच नसता.

बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. तिने सरळ सांगितलं, की तुमची पाच वाक्यं मी कापली होती, आता परत घातली आहेत. आणि ती गेलेली चौकट माझी होती. मग बाळाचं, धुण्याचं, भिंगरीच्या बोटाचं सगळं सांगितलं, जरा उलटसुलट. गोटू मधे मधे आपलंही म्हणणं मांडत होता.

“का कापलीत?” बाईंनी विचारलं. वर्गात विचारावं तसं, पण हळू.

“मला तुमचं म्हणणं पटायला लागलं होतं, बाई. म्हणून.”

“हं,” बाई म्हणाल्या. “हेही घाला त्यात. खाली टीप म्हणून.”

नंतर तिने काकांना विचारलं, की मुलीचं बोलणं ठेवू का, की नेहमीसारखं ‘कुणी आलं नाही’ लिहू. काका म्हणाले, “अगं, तीन सभांत ती पहिली आली. तिला काढलीस तर मी कुणाशी बोललो म्हणून सांगू?” मग विचारलं, की ते दमलेलं घड्याळ आता चालू झालंय, एवढं तिला कळवशील का.

त्या टिपणातून तिने काही कापलं नाही असं नव्हे. ‘म्हणजे काय आहे ना’ तेवीस वेळा होतं, ते दोनवर आणलं. काकांच्या खोलीत मात्र एवढंच केलं, की आपलं नाव खोडून तिथे लिहिलं: भिंगरी, वय साडेचार. आणि मधे, जिथे यंत्राने नुसती मोकळी जागा सोडली होती, तिथे भरलं: सहा मिनिटं. काका बसून आहेत.

शनिवारी बिनखुर्चीत कधी नव्हे ती चाळीसच्या वर माणसं आली. तिने भिंगरीला रंगखडू दिले, गोटूला मांडीवर घेतलं आणि मनाची तयारी केली, की ही शेवटची. पुढे त्या सहा आया आहेतच.

बाई उभ्या राहिल्या. पडद्यावर उभं राहणारी ती एकच बाई. चौकटीत नुसतं पोट दिसायचं, पण सवय. त्यांनी सांगितलं, की आपण ठराव मागे घेत नाही. आपण चाळीस वर्षांत काही मागे घेतलेलं नाही. फक्त त्यात दुरुस्ती करतो आहोत. बसण्याची सक्ती काढावी. सांगण्याची ठेवावी. ज्याला उठायचं त्याने ‘जाऊन येते’ एवढं लिहावं आणि खुशाल उठावं. नाही आला परत तरी चालेल. पण बोलणाऱ्याला कळू द्यावं, की माणूस कामाला गेलाय, कंटाळून नाही.

“आणि कंटाळूनच गेला असेल तर?” सिस्टरने विचारलं.

“तर खोटं लिहावं,” बाई म्हणाल्या. “आमच्या वेळी त्याला रीत म्हणायचे.”

चाळीस चौकटी एकदम हलल्या. कुणी हरकत घेतली नाही. खाली बसता बसता बाई म्हणाल्या, “कात्रीबाई, तुमच्या मुलीला चांगलं वळण आहे. कुणी लावलं?”

तेवढ्यात गोटूने मांडीवरच कार्यक्रम उरकला. तिने खाली घाईघाईने लिहिलं: जाऊन येते. बाईंच्या चौकटीतून लगेच उत्तर आलं: बसतो आम्ही.

परत आली तेव्हा खोल्या उघडल्या होत्या. काकांनी तोच विषय चौथ्यांदा मांडला होता आणि त्यांच्याकडे सतराजण बसले होते, बाईंसकट. काका तक्रार करत होते, की एवढ्या गर्दीत घड्याळं ऐकू येत नाहीत. आवाजावरून मात्र ते तक्रार करणाऱ्या माणसासारखे वाटत नव्हते.

दुपारी जेवणं झाल्यावर ती वाळलेल्या छोट्या छोट्या चड्ड्यांच्या घड्या घालत बसली होती. भिंगरीने नवा खेळ काढला होता. ती दारात उभी राहायची, “मी जाऊन येते, तू इथेच बस हं,” असं बजावायची आणि आतल्या खोलीत पळायची. पलंगाला शिवून परत यायची आणि आई जागेवर आहे का ते बघायची. आई असायची. मग पुन्हा. आठव्या खेपेला ती स्वयंपाकघरापर्यंत गेली, दहाव्या खेपेला बाहेरच्या जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून आली. दर खेपेला थोडी लांब, दर खेपेला थोडी उशिरा.

अकराव्या खेपेला ती दारातच थबकली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

“मोठी झाले की मी लांब जाणार ना?”

“जाशील की.”

“तेव्हापण मी जाऊन येते म्हणणार. मग तू बसशील?”

“बसेन,” ती म्हणाली. हातातल्या चड्डीची तिने तिसऱ्यांदा घडी केली.

भिंगरीने दाराची चौकट धरून जरा हिशेब केला. बाहेरच्या जिन्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, पण मला परत यायला किती उशीर झाला तर चालेल?”